पीएलसी जोडायचे कसे: आरएस-४८५ की इथरनेट?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात डाइंग मशीन, बॉयलर आणि पाण्याच्या पंपाचे पीएलसी (मशीन चालवणारे छोटे औद्योगिक संगणक) ऑफिसातल्या एका स्क्रीनवर आणायचे, तर पहिला प्रश्न वायरचा येतो.

आरएस-४८५ (साध्या तारांची सिरियल लाइन) वर मॉडबस आरटीयू (पीएलसीशी बोलायची ठरलेली भाषा) हा जुना, स्वस्त मार्ग. मॉडबस १९७९ चा, मोडिकॉन कंपनीचा. कमी वेगाला वायर १२०० मीटरपर्यंत जाते, म्हणजे लांबच्या शेडचीही चिंता नाही. मात्र सॉफ्टवेअर एकेका पीएलसीला पाळीपाळीने विचारतं. त्यातला एक बंद असला की त्याच्या उत्तराची वाट बघण्यात सगळा स्क्रीन रेंगाळतो. दोन पीएलसींना चुकून एकच स्लेव्ह नंबर (लाइनवरचा पत्ता) दिला, तर शोधताना घाम फुटतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात तो आधीच फुटलेला असतो! शिवाय बऱ्याच छोट्या पीएलसींमध्ये ही लाइन फक्त आकडे वाचण्या-लिहिण्याची. प्रोग्राम बदलायला लॅपटॉप घेऊन पॅनलपाशी जावंच लागतं.

इथरनेटवर खुर्चीतूनच प्रोग्राम टाकता येतो, लॅडर (पीएलसीच्या प्रोग्रामची आकृती) चालू अवस्थेत दिसते. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच. पुढे नेटवर्क स्विच किंवा फायबर केबल.

पण मॉडबस टीसीपीला, म्हणजे इथरनेटवरच्या मॉडबसला, मुळात पासवर्डच नाही. त्याचा पोर्ट ५०२ (नेटवर्कवरचं त्याचं दार) इंटरनेटला उघडा ठेवणं म्हणजे बॉयलरची चावी रस्त्यावर टांगणं. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा सुरक्षित खाजगी मार्ग) हवा.

नवीन शेडला मी इथरनेटच टाकेन. जुन्या मशीनची चालती आरएस-४८५ लाइन मात्र उपटू नका, गेटवे (दोन्हींमधला दुभाषी डबा) लावून तीच इथरनेटवर आणा.