मोठा मासा जिवंत सोडायचं सामान: एक हंगाम वापरल्यावर

कोल्हापुरात राहून गळ टाकतो म्हटलं की लोक विचारतात, ‘रंकाळ्यात का पंचगंगेत?’ समुद्रात म्हटलं की भुवया वर जातात, आणि धरलेला मासा परत सोडतो म्हटलं की माणूस विषयच बदलतो. असो, नाद तो नाद. ऑक्टोबरपासून जूनची मासेमारी बंदी लागेपर्यंत, सवड मिळेल तेव्हा पहाटे फोंडा घाट उतरून मालवण-निवतीकडं जाताना जे सामान वापरलं त्याबद्दल हे लिहितोय. रॉड-रीलवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मासा सोडायच्या सामानावर मराठीत मला फारसं काही सापडलं नाही.

सगळ्यात जास्त पैसे लिप ग्रिपमध्ये गेले आणि सगळ्यात कमी उपयोग तिचाच झाला. जबड्यात अडकवायची, मुठीत वजनकाटा असलेली ही ग्रिप ऑनलाइन मागवली. ‘पूर्ण स्टेनलेस’ म्हणून विकलेल्या ग्रिपची आतली स्प्रिंग दिवाळी संपेपर्यंत गंजली आणि खटका अडकायला लागला. आता दर खेपेनंतर गोड्या पाण्यानं धुऊन शिलाई मशीनचं तेल सोडावं लागतं. पण खरी तक्रार वेगळीच आहे. हातात वजनकाटा असला की मासा उभा टांगायचा मोह होतो. पाण्यात त्याचं अंग पाण्यानं पेललेलं असतं. हवेत टांगला की सगळा भार जबड्याच्या सांध्यावर आणि मणक्यावर येतो. मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो, पण दुखावलेल्या जबड्यानं तो पुढं शिकार कशी करणार? बॅराकुडासारख्या दातवाल्याचं तोंड होडीच्या कडेला स्थिर धरायला ग्रिप ठीक आहे, एवढंच.

वजनासाठी शिंप्याचा टेप बास. तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी आणि सगळ्यात जाड जागेचा घेर इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 800, की पौंडात वजन. मार्चमध्ये मिळालेला जीटी (जायंट ट्रेव्हली मासा) 38 इंच लांब आणि 27 इंच घेराचा होता, म्हणजे साडेचौतीस पौंड, पावणेसोळा किलोच्या आसपास. काट्यावर न टांगता एवढं कळलं तर पुरे.

सगळ्यात कामाची निघाली ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतलेली गळ काढायची सळई. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये 316 ग्रेडचा स्टेनलेस गज, हातभर लांब, टोकाला आकड्यासारखा वाकवून घेतला, मागं आडवी मूठ. आकडा लीडरवरून (गळाला जोडलेल्या जाड दोरीवरून) घसरवत गळाच्या वाकापर्यंत न्यायचा, लीडर खाली ओढून धरायचा आणि सळई वर उचलायची. गळ उलटा होतो आणि मासा स्वतःच्या वजनानं सुटून पाण्यात पडतो. माशाला हातही लावावा लागत नाही. अट एकच, गळाची आतली नखी पक्कडीनं आधीच दाबून सपाट केलेली हवी. ‘नखी नसली की मासा निसटतो’ असं बरेच जण म्हणतात. दोरी ताणलेली ठेवली तर मला तरी फरक जाणवला नाही.

पॉपरवरचे (पाण्यावर ओढायच्या खोट्या आमिषावरचे) तीनटोकी गळ काढून एकेरी बसवले. तीनटोकीचं एक टोक तोंडात, दुसरं डोळ्याजवळ नाहीतर कल्ल्याच्या झाकणात, असा प्रकार थांबला. जिवंत बांगडा लावताना आता फक्त सर्कल हुक. त्याचं टोक आत दांड्याकडं वळलेलं असतं, म्हणून गिळला तरी घशातून सरकत येऊन बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यातच रुततो. यात हिसका द्यायचा नाही, नुसतं रील फिरवत राहायचं. मरळ धरून तयार झालेल्या हाताला हे पचायला वेळ लागतो. घेताना टोक बाजूला तिरकं केलेला हुक टाळा, तो खोल रुततो. अमेरिकेत अटलांटिक किनाऱ्यावरच्या सेलफिश-मार्लिनच्या स्पर्धांत खरं आमिष लावायचं तर 2008 पासून सर्कल हुकची सक्ती आहे.

पण मला विचाराल तर मासा सोडायचं पहिलं साधन म्हणजे जाड रॉड. ‘हलक्या रॉडवर मोठा मासा’ यात मर्दुमकी वाटते खरी, पण अर्धा-अर्धा तास झुंजलेल्या माशाच्या स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठतं, आणि मग कितीही हळुवार सोडा, तो वाचेलच असं नाही. म्हणून ऐंशी पौंडाची ब्रेड (विणलेली दोरी), जाड लीडर, आवळलेला ड्रॅग (रीलचा ब्रेक). मार्चमधला जीटी लवकर होडीजवळ आला तो त्यामुळंच. शेपटीच्या देठाला धरला तेव्हा कडेच्या धारदार खवल्या ओल्या हातमोज्यातूनही टोचत होत्या. होडी चालवणाऱ्या तांडेलांनी होडी अगदी मंद पुढं ठेवली, माशाचं तोंड प्रवाहाकडं. मासा मागंपुढं हलवायचा नाही, पाणी तोंडातून आत जाऊन कल्ल्यांतून बाहेर पडलं पाहिजे. थोड्या वेळानं शेपटीनं असा झटका दिला की मूठ आपोआप सुटली. तांडेल म्हणाले, “इतको मोठो मासो सोडतंस कित्याक रे?” पुढच्या खेपेला मात्र “हातमोजो भिजवलंस काय?” हा प्रश्न त्यांचाच होता.

कल्ल्यातून रक्त वाहत असलेला मासा मी सोडत नाही. तो घरी येतो, आणि तांबड्या रश्श्याच्या गावात सुरमईचं कालवणही तेवढ्याच आवडीनं ओरपतात.

राहिला गोबरा, म्हणजे तळाला राहणारा ग्रुपर. चाळीस मीटरवरून जिगवर (खोल सोडायच्या धातूच्या आमिषावर) वर आणला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, कारण तळाशी पाण्याचा दाब वरच्या पाचपट असतो. डोळे बाहेर येतात, तोंडातून जठर बाहेर पडतं, आणि सोडला तरी तो उताणा तरंगत राहतो. (सुरमईला ही पिशवीच नसते, तिचा हा प्रश्न येत नाही.) बाहेर आलेलं जठर टोचू नका. बिननखीचा गळ उलटा करून गळाच्या डोळ्याला (दोरी ओवायच्या छिद्राला) शिसं आणि वाकाला दोरी बांधायची, तो ओठात अडकवून मासा तळाला पाठवायचा आणि मग दोरीला झटका द्यायचा. विकत मिळतात तसल्या साधनांइतकंच हे चालतं. लहान गोबऱ्यांना एक किलो शिसं पुरलं. मोठा मात्र त्याला जुमानत नाही, वजनासकट वरच राहतो. म्हणून दोन किलोचं शिसं उद्यमनगरातच ओतायला दिलंय. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या की बघू.