३२०० ची म्हणून २४०० ची रॅम माथी मारली, तेही व्होल्टेज वाढवून

कॉम्प्युटर असेंबल करून घेणाऱ्यांनी, खास करून एडिटिंगवाल्यांनी हे वाचाच, कारण ही फसवणूक दुकानात समोर उभं राहून बघितली तरी कळत नाही.

माझं लातूरला लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम आहे. सीझनच्या आधी मशीनमधे सोळा-सोळा जीबीच्या दोन डीडीआर४ (रॅमची एक पिढी) रॅम स्टिक टाकायला नेलं. दुकानदाराचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. त्यानं लाल पत्र्याचं हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारं कव्हर) असलेल्या स्टिक दाखवल्या, वर स्टिकर ३२०० मेगाहर्ट्झ म्हणजे स्पीड, सीएल १६ म्हणजे उत्तर द्यायला लागणारा उशीर (आकडा कमी तेवढं चांगलं), १.३५ व्होल्ट. मशीन आतल्या खोलीत नेलं, बाहेर आणून विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडला, "हे बगा सर, ३२००, झालं समाधान?" वर बायोसला (मशीनच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड टाकून दिला, सेफ्टीसाठी म्हणे, आत हात लावला की वॉरंटी गेली.

थंडीत मशीन पळालं. होळी झाली, ऊन वाढलं आणि नाटकं सुरू. रेंडर (व्हिडिओची फाईल तयार होणं) अर्ध्याच्या पुढं गेला की निळी स्क्रीन, खाली मेमरी मॅनेजमेंट लिहिलेलं, कधी सॉफ्टवेअर नुसतंच बंद, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कधी काहीच एरर नाही, एक्स्पोर्ट पूर्ण, पण अक्षता पडायच्या टायमाला स्क्रीनवर हिरवे चौकोन. नवरीच्या मामांनी फोन करून विचारलं हा कुठला इफेक्ट टाकलाय!

दुकानदाराकडं गेलो तर म्हणतो तुमच्याकडची लाईट खराब. आता मराठवाड्यात शेतातल्या मोटारी चालू झाल्या की बल्ब पिवळा पडतो हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळं पटलं, आणि त्यानं एक स्टॅबिलायझर पण गळ्यात मारला. खरं म्हणजे घरातली लाईट थोडी खालीवर झाली म्हणून रॅमचं व्होल्टेज बदलत नसतं, एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) बारा व्होल्ट धरून ठेवतो आणि रॅमला लागतं तेवढं मदरबोर्ड तिथंच बनवून देतो.

भाचा नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, तो सुट्टीत आला. त्यानं एचडब्ल्यूइन्फो हे मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालू केलं आणि म्हणला, "मामा, रॅमला दीड व्होल्ट कामून दिलंय?" डीडीआर४ चं स्टँडर्ड १.२ आहे, एक्सएमपी प्रोफाईलवर (कंपनीनं स्टिकमधे आधीच भरून दिलेली जास्त स्पीडची सेटिंग) बहुतेक स्टिक १.३५ ला चालतात, आणि १.५ म्हणजे जेडेकच्या (रॅमची स्टँडर्डं ठरवणारी संस्था) कागदावर चिप सहन करू शकते ती शेवटची मर्यादा, रोज चालवायचा आकडा नाही. काही महाग किट कंपनीच १.४५-१.५ ला विकते, पण ते त्या स्टिकच्या प्रोफाईलमधे लिहिलेलं असतं.

मग सीपीयू-झेड हे दुसरं सॉफ्टवेअर उघडून एसपीडीचा टॅब बघितला. स्टिकवर एक छोटी चिप असते, तिच्यात स्टिक कशासाठी बनलीय ते असतं, त्यालाच एसपीडी म्हणतात. तिथं सगळ्यात वरचा आकडा १२०० मेगाहर्ट्झ, म्हणजे डबल करून (डीडीआरमधे हा आकडा दुप्पट धरतात) २४००, व्होल्टेज १.२, एक्सएमपीची ओळच नाही, आणि पार्ट नंबर स्टिकरवरच्यापेक्षा वेगळा. (नुसती एक्सएमपी नाही म्हणून डुप्लिकेट समजू नका, १.२ व्होल्टला ३२०० सीएल २२ अशा साध्या ओरिजिनल स्टिकही येतात, पण त्यांच्या एसपीडीत १६०० दिसतं.)

सगळ्याचे फोटो काढले आणि मग बोर्डावरचा सेल काढला. पासवर्ड गेला, दुकानदाराची सेटिंगही गेली, मशीन आपोआप २४०० आणि १.२ ला उठलं. पेन ड्राईव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर रात्रभर लावलं, एक एरर नाही. परत हातानं ३२०० आणि १.५ टाकलं तर लाल ओळींची रांग. म्हणजे स्टिक खराब नव्हती, ती २४०० ची होती आणि तिला मारून मुटकून पळवलं होतं.

व्होल्टेज वाढवलं की मंद चिपही जास्त स्पीडला कशीबशी उत्तर देते, पण १.२ वरून १.५ केलं तर उष्णता साधारण दीडपट होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गानं वाढते. त्याच्या दुकानात एसी, माझ्याकडं एप्रिलात खोलीत पंख्याचीच हवा गरम. रॅम जितकी तापेल तितक्या लवकर तिच्यातला चार्ज गळतो, म्हणून थंडीत पास आणि उन्हाळ्यात नापास.

टास्क मॅनेजरवर जाऊ नका, तिथं रॅम सध्या किती स्पीडनं चालवलीय ते दिसतं, ती कितीची आहे ते नाही. पैसे द्यायच्या आधी एसपीडी बघा, बायोसला पासवर्ड टाकू देऊ नका. ओरिजिनल ३२०० ची स्टिक एक्सएमपीवर अडखळली तर १.३५ चं १.३७ करून बघा नाहीतर स्पीड एक पायरी खाली घ्या, आणि तरी एरर आली तर वाढवत बसू नका, बदलून मागा. डीडीआर५ वाल्यांनी हे आकडे लावू नयेत, तिथं स्टँडर्डच १.१ आहे.

माझ्या बिलावर त्यानं फक्त "रॅम ३२ जीबी" लिहिलंय, स्पीड नाही, कंपनी नाही, आता त्यावरच अडून बसलाय. १९१५ ला ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकलीय, पाच लाखांपर्यंतच्या केसला ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, म्हणून तेही करायलोय. परवा त्याचा फोन आला, "भाऊ, मिटवून घेऊ, दुसऱ्या स्टिक देतो." म्हणलं दे, पण पक्क्या बिलावर पार्ट नंबर लिहून दे, आणि तो स्टॅबिलायझर पण परत घे.