२७ इंची फुल एचडी, क्यूएचडी की फोरके? दिवसभर मराठी वाचणाऱ्यांसाठी

घरी मोठा मॉनिटर घ्यायचा म्हटलं की बोलणं इंचांपासून सुरू होतं. माझं म्हणणं, इंच दुसऱ्या नंबरवर ठेवा. दिवसाचे सहा-सात तास पडद्यावर मराठी वाचावं लागत असेल, मग ती मुद्रितं असोत, सातबारे असोत की मुक्त विद्यापीठाची पुस्तकं, तर आधी अक्षराची धार बघा.

मी नाशिकच्या इंदिरानगरला घरून मुद्रितशोधन करते. २४ इंचीवरून २७ इंचीवर गेले तेव्हा फक्त आकार बघितला होता. दोन्ही फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके (पिक्सेल). पडदा वाढला, ठिपके तेवढेच राहिले. २४ इंचीवर दर इंचात ९२ ठिपके बसतात, २७ इंचीवर तेच ८२ होतात. अक्षर मोठं झालं खरं, पण कडा फुटलेल्या. पहिल्याच आठवड्यात एका पुस्तकात ‘घ’च्या जागी ‘ध’ माझ्या नजरेतून सुटला. या दोन अक्षरांत फरक तो केवढा, डोक्यावरच्या छोट्या गाठीचा. ‘म’ आणि ‘भ’चंही तसंच.

इंग्रजी मजकुराला एवढा फटका बसत नाही. आपल्या लिपीत मात्र एका ओळीच्या उंचीत तीन मजले असतात: शिरोरेघेवर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर आणि जोडाक्षरं, खाली उकार. दहा पॉइंटाचं अक्षर कागदावर असतं तेवढंच पडद्यावर ठेवलं, तर २७ इंची फुल एचडीवर त्याच्या वाट्याला उभे साधारण ११ ठिपके येतात. त्याच आकाराच्या क्यूएचडीवर (२५६० बाय १४४०) १५, आणि फोरकेवर (३८४० बाय २१६०) २२ ते २३. अकरा ठिपक्यांत तीन मजले उभे करायचे म्हटल्यावर अनुस्वार शिरोरेघेला चिकटणारच.

म्हणून दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर स्वतःच्या कामाची पीडीएफ घेऊन जा. तिथे चालू असलेल्या डोंगर-समुद्राच्या व्हिडिओत सगळेच मॉनिटर सुंदर दिसतात. माझा कसोटीचा शब्द आपल्या गावाजवळचाच आहे: त्र्यंबकेश्वर. बारीक टायपात तो उघडा आणि ‘त्र्यं’कडे बघा. फुल एचडीवर काळा गठ्ठा दिसतो. क्यूएचडीवर ‘त्र’ची तिरपी रेघ आणि ‘य’ वेगळे कळतात. फोरकेवर तो छापल्यासारखा दिसतो.

मग सरळ फोरकेच का घेऊ नये? दोन कारणांनी थांबावं लागतं. २७ इंची फोरकेवर सगळं फार बारीक दिसतं, म्हणून विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरं आणि चिन्हं मोठी करून दाखवणं, १५० टक्के करावं लागतं. तसं केलं की कामाची जागा क्यूएचडीइतकीच मिळते, फक्त अक्षरं जास्त रेखीव होतात. नव्या सॉफ्टवेअरला हे छान जमतं. पण पेजमेकरसारखं पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर अजून वापरात असेल, आणि आपल्या डीटीपीवाल्यांकडे ते असतंच, तर ते ताणून पुसट दिसतं. अशांनी क्यूएचडी घ्यावा आणि स्केलिंग १०० टक्क्यांवरच ठेवावं. दुसरं कारण जुना लॅपटॉप. त्याचं मॉनिटर जोडायचं एचडीएमआय पोर्ट १.४ असेल तर फोरके ३० हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवरच चालतं. माउस हलवला की बाण मागून ओढत आल्यासारखा वाटतो. ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतो. लॅपटॉपचं मॉडेल आधी तपासा, मग पैसे द्या.

किमती हलत असतात, पण २७ इंचीत साधारण अंदाज असा: फुल एचडी दहा-बारा हजार, क्यूएचडी पंधरा ते वीस, फोरके पंचवीसच्या आसपास आणि पुढे. फुल एचडी आणि क्यूएचडी यांच्यातले ते पाच-सात हजार मला सगळ्यात सार्थकी लागणारे वाटतात. तेवढी ओढाताण शक्य नसेल तर २४ इंची फुल एचडीवरच राहा, त्याचं अक्षर २७ इंची फुल एचडीपेक्षा चांगलं.

आकाराचा खरा फायदा पानं शेजारी ठेवण्यात आहे. २७ इंची पडदा सुमारे ६० सेंटीमीटर रुंद आणि साडेतेहतीस उंच. ए-फोरची दोन पानं खऱ्या मापात शेजारी बसतात आणि बाजूला शब्दकोशापुरती पट्टी उरते. २४ इंचीची उंची साडेएकोणतीसच्या आसपास, त्यात एक पानही पूर्ण मावत नाही. ३२ इंची ७० सेंटीमीटर रुंद असतो. त्याला टेबल निदान ७५ सेंटीमीटर खोल हवं, नाहीतर मान सतत डावी-उजवी करावी लागते. ३२ इंचीत क्यूएचडी घेऊ नका, तिथे दर इंचात पुन्हा ९२च ठिपके येतात. ३२ घ्यायचा तर फोरकेच. ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८वरून १८ टक्के झाला आहे, पण घरच्या टेबलाला तेवढा पडदा लागत नाही.

‘घरातला ३२ इंची टीव्हीच लावू’ असंही पुष्कळजण म्हणतात. त्यातले बरेच टीव्ही १३६६ बाय ७६८चे असतात, म्हणजे २४ इंची मॉनिटरच्या जेमतेम निम्मे ठिपके. सिनेमाला ठीक, वाचनाला नाही.

पॅनल, म्हणजे आतला पडदा, आयपीएस प्रकारचा घ्या. व्हीए या दुसऱ्या प्रकारात काळा रंग जास्त गडद येतो, पण बाजूने बघताना रंग उतरतो. पडदा मॅट असू द्या. पश्चिमेची खिडकी असेल तर नाशिकच्या एप्रिलमध्ये चार वाजल्यानंतर चकचकीत काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो. रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं) ६० हर्ट्झ असो की १००, वाचनाला फारसा फरक पडत नाही.

एका गोष्टीवर मात्र अडून बसा: स्टँड वर-खाली होणारा हवा. चाळिशीनंतर अनेकांना प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत) लागतो, वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, आणि पडदा उंच असला की आपण हनुवटी वर करून वाचतो. महिनाभरात मान धरते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खालीच असावी. आवडलेल्या मॉडेलला असा स्टँड नसेल तर मागे १०० बाय १०० मिलिमीटरवर स्क्रूची भोकं (‘व्हेसा’ माप) आहेत का बघा, म्हणजे नंतर टेबलाला बसणारा हलता आर्म लावता येतो.

घरी आणल्यावर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग पूर्ण पडद्यावर आणून मेलेला, म्हणजे रंग न बदलणारा, ठिपका शोधा. बदलून देण्याचे दिवस आणि आपल्या पिनकोडला घरी येऊन दुरुस्ती मिळते का, हे बिल करण्याआधीच विचारा. खोकं आणि आतला थर्माकोल तेवढे दिवस माळ्यावर राहू द्या. परत न्यायची वेळ आलीच तर स्कूटरवर आडवा धरून नेऊ नका, रिक्षात मागच्या सीटवर उभा ठेवा.