गोव्याच्या खाणींवरील माती-ढिगारे: आधी हिरवाई की मूळ जंगल?

८ जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाणक्षेत्रावर पुन्हा गवत, चारा, झाडझाडोरा वाढेल अशी जमीन करण्याची अट घालायला सांगितले. पण ‘वाढेल’ म्हणजे काय, हे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर पुन्हा झाडोरा आणण्याच्या आराखड्यात, त्याच्या उद्दिष्टात लिहावे लागते.

पहिला पर्याय हिरवे आच्छादन. ऑस्ट्रेलियन बाभूळ निकृष्ट मुरमातही तगते, हवेतला नत्र जमिनीत आणते आणि दोन-तीन पावसाळ्यांत ढिगारा हिरवा दिसतो. मोजमापही सोपे: किती रोपे जगली. अडचण पुढे येते. तिचा पाला सावकाश कुजतो, त्याच्या जाड थराखाली स्थानिक बी रुजत नाही. आणि झाडांखाली गवत-झुडपे नसतील तर पावसाचे पाणी गाळ शेतात नेतेच.

दुसरा पर्याय मूळ जंगल: किंदळ, माट्टी, कुडा, करंज, आवळा. यासाठी खाणकामाआधी वरची माती वेगळी काढून, कमी उंचीच्या ढिगात ठेवून लवकर वापरावी. उंच ढिगात आतले बी आणि सूक्ष्मजीव मरतात. उतार पायऱ्यांचा करून काथ्याची जाळी अंथरावी, पहिल्या पावसाआधी स्थानिक गवत पेरावे, झाडे त्यानंतर. उद्दिष्ट शेजारच्या शाबूत जंगलातल्या १०×१० मीटर चौकटीवरून ठरवावे: प्रजाती किती, आपोआप उगवलेली रोपे किती, उघडी जमीन किती.

आमचे मत दुसऱ्याच्या बाजूने. बाभूळ लावायचीच तर विरळ, आणि ती कधी काढणार ते साल आराखड्यात लिहून.