व्हॅक्यूम सीलर की डीहायड्रेटर? भाजी फेकायची नसेल तर काय घ्यावं

वाशीच्या एपीएमसीत स्वस्त मिळतात म्हणून अख्खा क्रेट टोमॅटो आणायचा आणि आठवड्यात त्यातले अर्धे ओल्या कचऱ्यात, हे ज्यांच्याकडे चालतं त्यांच्यासाठी लिहितोय. सीलर म्हणजे पिशवीतली हवा ओढून तोंड चिकटवणारं मशीन, डीहायड्रेटर म्हणजे गरम हवेने भाजी वाळवणारं. आमच्याकडे ऐरोलीत दोन्ही मशीनं आहेत, सीलर आधी आला.

सीलर वाईट नाही हं. घरात मासे-मटण जास्त होत असेल तर तोच घ्या, सुरमईचे तुकडे फ्रीझरमध्ये कडेने पांढरे, सुके पडत नाहीत. पण हवा काढली म्हणजे थंडी नको असं होत नाही, हवेशिवाय वाढणारे जंतूही असतात, म्हणून मासे फ्रीजमध्ये खाली वितळायला ठेवताना पाकीट फोडूनच ठेवा. कोबी-फ्लॉवर कच्चे भरले तर गॅस सोडतात, पाकीट फुगतं, आधी वाफवून घ्यावे लागतात.

माझं डोकं फिरलं ते ओलेपणामुळे. आपल्या स्वयंपाकात कोरडं असतं काय सांगा? वाटण ओलं, उसळ ओली, धुतलेली मेथी ओली. मशीन हवेबरोबर रसही ओढतं, तो पिशवीच्या तोंडाशी येतो आणि तिथे सील नीट धरतच नाही. वरून चिकटल्यासारखं दिसतं, दोन दिवसांनी बघावं तर पाकीट ढिलं. उपाय आहे, आधी डब्यात गोठवा, मग ती वडी काढून पॅक करा, पण रात्री जेवणं झाल्यावर वाटीभर उसळीसाठी एवढं कोण करणार? आमच्याकडे तरी कोणी करत नाही, उसळ डब्यात, डबा फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात, पुढचं तुम्हाला माहितीये. वर पिशव्यांचे रोल आणत राहा.

डीहायड्रेटरमध्ये उसळ वाचत नाही हे खरं. पण आमच्या घरी शिजवलेल्यापेक्षा कच्चंच जास्त फुकट जायचं, कोथिंबीर, कढीपत्ता, टोमॅटो. ट्रेवर पसरायचं, भाज्यांना ५५-६० अंश, पाल्याला ४० च्या आसपास, आणि झोपायचं. टोमॅटोत जवळजवळ ९५ टक्के पाणीच, त्यामुळे त्याला कधीकधी रात्रही पुरत नाही. वीज म्हणाल तर ३५० वॉटचं मशीन ८ तास सलग चाललं तरी २.८ युनिट. पंखा रात्रभर घुरघुरतो आणि कांदा लावला तर अख्ख्या मजल्याला कळतं, तेवढं सहन करायचं. बाल्कनीत फुकट वाळवता येईल की, असं आई म्हणते, पण कबुतरांना कोण सांगणार.

पावसाळ्यात मात्र वाळलेलं गार झालं की लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि टोमॅटोची पावडर आधीच करून ठेवू नका, दगड होतो, फोडी ठेवा आणि लागेल तशा मिक्सरला लावा.

प्रत्येकाच्या घरचं खाणं वेगळं, त्यामुळे मी म्हणतो तेच बरोबर असं नाही. पण पैसे एकाचेच असतील आणि तुमच्याकडेही भाजीच जास्त सडत असेल तर मी डीहायड्रेटर म्हणेन, जमलं तर स्टीलच्या ट्रेवाला, प्लास्टिकच्या ट्रेतून कांद्याचा वास जाता जात नाही.