दादरचा कडबा, मक्याचा मुरघास की केळीचा खांब? चार ढोरांच्या गोठ्यासाठी तुलना

दादर, म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, काढणीला आली की अमळनेरकडच्या माझ्या आतेभावाचा फोन ठरलेला. "भाऊ, ढोरेसले औंदा काय टाकू? कडबा लिसू का मुरघास करसू?" मुरघास म्हणजे हिरवा चारा कापून, हवाबंद ठेवून आंबवलेला. त्याच्याकडे दोन दुभत्या म्हशी, एक संकरित गाय आणि एक गोऱ्हा आहे. तापी ओलांडून चोपड्याकडे आलं की केळीचे बाग लागतात आणि घड उतरवलेले खांब तर लोक फुकट न्या म्हणतात. म्हणजे त्याच्यापुढे दोन नाही, तीन वाटा आहेत. खान्देशातल्या कितीतरी गोठ्यांत दर साली हाच हिशेब मांडला जातो, म्हणून त्याला फोनवर सांगितलं ते इथे नीट लिहून काढतोय.

भाव विचारण्याआधी पोट समजून घ्यायला हवं. कडब्यातलं सेल्युलोज तोडणारा पाचकरस गाय-म्हशीच्या अंगात तयारच होत नाही. ते काम तिच्या कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जिवाणू, आदिजीव आणि बुरशी करतात. मोठ्या गायीचं कोटीपोट शंभर लिटरच्या वरचं असतं, आत ऊब 39 अंशांच्या आसपास आणि हवा जवळपास नाहीच. तिथे चारा आंबतो आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्लं निघतात. जनावराच्या ऊर्जेचा सुमारे 70 टक्के वाटा या आम्लांतूनच येतो. चोथ्यातून ॲसिटिक जास्त निघतं, त्यावर दुधाचं फॅट बनतं. दाण्यातल्या पिठूळ भागातून प्रोपिऑनिक वाढतं, त्याची शरीरात साखर होते आणि दुधाचं माप वाढतं. डेअरीच्या पावतीवरचे लिटर आणि फॅट असे दोन वेगळ्या वाटांनी येतात, म्हणून एकच चारा दोन्हींत पहिला येत नाही.

संशोधनात हे मोजायची एक पद्धत मला फार पटते. गायीच्या डाव्या कुशीतून कोटीपोटापर्यंत कायमचं भोक करून त्याला झाकण बसवतात. चारा वजन करून नायलॉनच्या बारीक जाळीच्या पिशवीत भरतात आणि आत सोडतात. 24 तासांनी, 48 तासांनी पिशवी काढायची, धुवायची, वाळवायची आणि पुन्हा तोलायची. जेवढं वजन घटलं तेवढं जंतूंनी खाल्लं. 1963 साली टिली आणि टेरी यांनी हेच काम कोटीपोटातला रस बाटलीत घेऊन करायची रीत बसवली, ती आजही प्रयोगशाळांत चालते. अशा चाचण्यांत ज्वारी-गव्हासारख्या पिकांचा वाळलेला चारा दोन दिवसांत निम्म्याच्या आसपास विरतो. चांगल्या मुरघासाचं यापेक्षा बरंच जास्त विरतं, कारण त्यात दाणा असतो आणि ताट अजून लाकडासारखं झालेलं नसतं.

कडबा

दादरच्या कडब्यावर माझा जीव आहे आणि तो उगाच नाही. गंजी नीट रचली, वरून झाकली, तर वर्षभर टिकतो. रोज किती काढला, किती उरला, याने काही नासत नाही. खरिपातल्या संकरित ज्वारीचा जाड, टणक कडबा आणि दादरचा पानाळ कडबा एकाच भावात घेऊ नका. पान लवकर पचतं, बुंधा उशिरा. पेंढी विकत घेताना मधून एक ताट उपसून वाकवा. अवकाळीत भिजून काळा पडलेला, कुबट वासाचा माल स्वस्त मिळाला तरी सोडा.

त्याचं दुखणं प्रथिनांचं आहे. कडब्यात प्रथिनं जेमतेम 3 ते 4 टक्के. आहारात ती 7 टक्क्यांच्या खाली गेली की कोटीपोटातल्या जंतूंची वाढ खुंटते, चारा आत पडून राहतो आणि जनावर खाणंही कमी करतं. पोट टम्म, पण जंतू उपाशी. आतेभावाच्या म्हशी उन्हाळ्यात नेमक्या इथेच मार खायच्या. दिवसभर गव्हाणीत कडबा आणि दूध मात्र आटलेलं.

उपाय आपल्या जिनिंगच्या मुलखात हाताशी आहे. 6 किलो कडब्यात साधारण 210 ग्रॅम प्रथिनं धरा. त्यावर 22 टक्के प्रथिनांची सरकीची ढेप दीड किलो दिली तर 330 ग्रॅम आणखी येतात. साडेसात किलोत 540 ग्रॅम, म्हणजे 7 टक्क्यांच्या थोडं वर. जंतू कामाला लागायला एवढं पुरतं, दुधासाठी मात्र दुधाच्या मापाने वेगळा खुराक लागतोच. हरभऱ्याचं किंवा तुरीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) घरचं असेल तर त्याचाही हातभार लागतो. ढेपेला बुरशी दिसली तर ती देऊ नका, ते विष दुधात उतरतं. लहान वासरांनाही सरकी नको. तिच्यातलं गॉसिपॉल हे विष मोठ्या जनावराच्या कोटीपोटात बरंचसं निष्प्रभ होतं, वासराचं कोटीपोट तेवढं तयार झालेलं नसतं.

कुट्टी जरूर करा, पण भुगा करू नका. एक-दीड इंचाचा तुकडा राहिला की ढोर रवंथ करतं, रवंथातून लाळ सुटते आणि त्या लाळेतला सोडा कोटीपोटातलं आम्ल आवरतो. म्हैस दुपारी निवांत बसली की एका घासाचे चावे मोजा. 50 ते 60 भरले तर आतलं काम ठीक चाललंय.

मुरघास

चारा आंबट करून टिकवण्याच्या अभ्यासासाठी फिनलंडच्या अर्तुरी विर्तानेन यांना 1945 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते चाऱ्यात बाहेरून आम्ल घालायचे. मक्यात साखर एवढी असते की हवा कोंडली की लॅक्टिक आम्लाचे जिवाणू ते काम स्वतःच करतात. सामू (पीएच, आंबटपणाचं माप) 4 च्या आसपास उतरला की चारा लोणच्यासारखा टिकतो. साधारण 45 दिवसांनी उघडायचा.

कापणीची वेळ चुकली की पुढे काही सावरत नाही. दाणा दुधाळ ते चिकाळ असताना कापा. यंत्रातून निघालेली कुट्टी मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा सावकाश सुटला आणि तळवा फक्त ओलसर झाला तर वेळ बरोबर आहे. पाणी टपकलं तर दोन-चार दिवस थांबा. गोळा फटकन विस्कटला तर उशीर झालाय, मग तुडवण मन लावून करा, नाहीतर आत हवा राहते.

आता खर्चाचं. मुरघासात सुकं द्रव्य (पाणी वगळून उरतं ते) 30 टक्क्यांच्या आसपास, कडब्यात 90. समजा विकतचा मुरघास 7 रुपये किलो आणि कडब्याची कुट्टी 12 रुपये. किलोमागे मुरघास स्वस्त दिसतो. सुक्या द्रव्यावर मोजलं तर मुरघास 23 रुपयांना पडतो आणि कडबा 13 ला. त्यातला पचणारा भाग मुरघासात 65 टक्के आणि कडब्यात 48 धरला, तर पचलेल्या किलोला मुरघास 36 रुपये, कडबा 28. पण घरच्या मक्याचा मुरघास सगळा खर्च धरून 3 रुपयांत बसला, तर तोच आकडा 15 वर येतो. तुमच्या गावचे भाव घालून हे गणित कागदावर करा. पाणी असेल आणि अर्धा-पाऊण एकर मका स्वतःचा असेल तर मुरघास जिंकतो. वाहतूक करून दुरून आणायचा असेल तर त्यात निम्म्याहून जास्त पाण्याचंच भाडं भरता.

आणखी एक गोष्ट फारसं कोणी बोलत नाही, आणि चार ढोरांच्या धन्याला तीच नडते. खड्डा उघडला की तोंडाशी हवा लागते, आणि आपल्या वैशाखात, पारा 44-45 ला टेकलेला असताना, मुरघास आतून तापतो. तोंडाचा थर रोज निदान अर्धा फूट पुढे सरकला पाहिजे. दीड मीटर रुंद, दीड मीटर उंच खड्ड्याचं अर्धा फूट म्हणजे जवळपास 200 किलो. एका जनावराला रोज 15 किलो देणाऱ्याला त्यासाठी 13-14 जनावरं लागतील. चार जनावरांचे 60 किलो काढले तर थर दीड-दोन इंचच सरकतो आणि मागचा माल आपण खाण्याआधी बुरशी खाते. म्हणून लहान गोठ्याने खड्डा करू नये. 50 किलोच्या पिशव्या भराव्यात, रोज एक उघडावी.

हे मी शिकलो ते नुकसान सोसून. आमच्याकडे एका साली मोठी बॅग भरली होती. उंदरांनी खालून भोक पाडलं ते आम्हाला चैत्रात कळलं. हात घातला तर आत चुलीजवळ घालावा तशी ऊब, आणि पांढरा-हिरवा थर. वरचं काढून टाकलं, खालचं चांगलं समजून घातलं. थोरल्या म्हशीने दोन दिवस रवंथ सोडला. तेव्हापासून बुरशीच्या थराखालचं हातभर काळपट, गरम काही दिसलं तरी ते उकिरड्यावरच जातं.

मुरघास एकदम सुरू करू नका. जंतूंची वस्ती बदलायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दिवशी 2-3 किलो आणि मग हळूहळू वाढवा. लग्नसराईत उरलेल्या कणकेच्या बट्ट्या गायीला घातल्या आणि ती दगावली, असं दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून कानावर येतं. तिथे हेच घडलेलं असतं. पिठूळ अन्न एकदम आत गेलं, आम्ल वाढलं, जंतू मेले.

केळीचा खांब

फुकट आहे म्हणून नेऊ नका. 100 किलो खांबात सुकं द्रव्य 6-7 किलो, बाकी पाणी. 400 किलोच्या गायीला दिवसाला 10 किलो तरी सुकं लागतं, म्हणजे एकट्या खांबावर ठेवली तर दीडशे किलो खावा लागेल. ते शक्यच नाही. शिवाय पोटॅश भरपूर असल्याने कोटीपोटातून मॅग्नेशियम शोषायला अडथळा येतो. कडब्यावरच्या ढोराला मे महिन्यात 5-7 किलो चिरून दिला तर कोरड्या चाऱ्याला ओल येते आणि ढोर आवडीने खातं. माझ्या मते त्याचा उपयोग तेवढाच. करपा रोगावर नुकतीच फवारणी झालेली केळीची पानं गोठ्याच्या आसपासही आणू नका.

गव्हांडा (गव्हाचं काड) भरपूर असेल तर चौथी वाट युरिया प्रक्रियेची आहे. 100 किलोला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरांवर सारखा शिंपून, 21 दिवस हवाबंद ठेवायचा. प्रथिनं जवळपास दुप्पट होतात आणि चोथाही मऊ पडतो. काढल्यावर तासभर पसरून वास उडू द्या. युरिया अंदाजाने घालणाऱ्याने आणि सहा महिन्यांच्या आतल्या वासरांसाठी ही वाट धरूच नये.

आतेभावाला मी असं सांगितलं. म्हशींना दादरचा कडबा हाच पाया, सोबत दीड किलो ढेप आणि दुधाप्रमाणे खुराक. म्हैस खरबरीत चारा संकरित गायीपेक्षा चांगला पचवते, तिच्यासाठी विकतच्या मुरघासावर पैसे घालायची घाई नको. गाय नुकती व्यालेली आहे, तिला घरच्या मक्याच्या पिशव्यांतून 12-15 किलो मुरघास आणि वर 3 किलो कडबा, फॅट टिकावं म्हणून. उरलेली पिशवी त्याच दिवशी म्हशींत वाटून संपवायची. गोऱ्ह्याला कडबा आणि कुटार. चोथा पचताना पोटात उष्णता तयार होते, म्हणून उन्हाळ्यात कडब्याचा मोठा वाटा रात्री आणि पहाटे टाकायचा.

आणि बदल केल्यावर पंधराव्या दिवशी मूठभर ताजं शेण पिठाच्या जुन्या चाळणीत घेऊन नळाखाली धुवायचं. लांब, न चावलेल्या काड्या राहिल्या तर प्रथिनं कमी पडतायत, ढेप थोडी वाढवून पाहा. पिवळे अख्खे दाणे दिसले तर मका उशिरा कापला गेला किंवा यंत्राची पाती बोथट होती. पुढच्या हंगामात आठवडाभर आधी कापा आणि कापणीच्या आदल्या दिवशी पाती धार लावून घ्या.