दादरचं कोळी नाच वर्कशॉप: व्हिडिओ सगळ्यांसाठी खुले
गणपतीत सोसायटीतल्या बायकांचा कोळी नाच बसवायचाय म्हणून हे वर्कशॉप केलं, पैसे वसूल. वल्हं मारायच्या स्टेपला आधी कंबर वळते मग खांदा, हे ताई प्रत्येकीच्या शेजारी उभं राहून दाखवतात. पण बेस्ट गोष्ट म्हणजे बसवलेल्या नाचाचे व्हिडिओ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए लायसन्सवर मिळतात, म्हणजे मूळ नाच बसवणाऱ्यांचं नाव द्या, बदल करा, फी घेऊन शिकवलंत तरी चालेल, फक्त तुमचं व्हर्जनही तसंच खुलं ठेवायचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कोरिओग्राफीही येते त्यामुळे अशी लेखी परवानगी असली की बिनधास्त वापरता येतं. गाण्याचे हक्क वेगळे, म्हणून व्हिडिओत नुसती ढोलकी ठेवलीय, छान केलंत. फक्त क्रेडिटमध्ये ज्या कोळीवाड्यातल्या बायकांकडून स्टेप्स घेतल्या त्यांचंही नाव टाका ना, नाच मुळात त्यांचा आहे.